‘कर्कश’चं मुखपृष्ठ

शाहपुरा, भोपाळ
५ जानेवारी २०२५

ती. दादास,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

हा मायना बाबांनी सांगितला. मी ‘हाय दादा’ लिहिलं होतं. ते म्हणाले, हे पत्र आहे, व्हॉट्सॲप नाही. तुमच्या केंद्रात फोन चालत नाही, पत्र चालतं, त्यामुळे आम्ही सगळे अचानक सुसंस्कृत झालो आहोत. पाकिटं आणायला गेले तर दुकानदाराने विचारलं, घरात लग्न आहे का.

घरी ठीक आहे. आई तुझी खोली रोज झाडते. त्या दिवशी तुला बाहेर काढताना बाबांनी बाथरूमची कडी तोडली, ती अजून बसवलेली नाही. आत असलो की आम्ही गाणं म्हणतो. बाबासुद्धा. तू ऐकायला हवं होतंस.

आता काम. डिझाइन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक मासिक तयार करायचं आहे. मजकूर, फोटो, मांडणी, सगळं एकट्याने. सोबत एक टिपण द्यायचं: कोणता निर्णय का घेतला. मी रॉकचं मासिक करते आहे. नाव ‘कर्कश’. नाव तुझंच आहे. खालच्या मंदाकिनीकाकू तुझ्या गिटारला कर्कश म्हणाल्या तेव्हा तू त्यांना वाकून नमस्कार केला होतास आणि म्हणाला होतास, बँडचं नाव सापडलं. बँडने ते ठेवलं नाही. मी ठेवलं.

नावाची शिरोरेषा मी पानाच्या कडेपर्यंत ओढली आहे, तारेसारखी. सोनाली मॅडम म्हणाल्या, रेषा चांगली आहे, पण मुखपृष्ठावर चेहरा हवा. माझ्या ओळखीत रॉकवाला एकच. सप्टेंबरमधल्या तुमच्या कार्यक्रमातला तुझा फोटो वापरू का? आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ऋतुजा

*

व्यसनमुक्ती केंद्र, नर्मदापुरम
१६ जानेवारी २०२५

चि. ऋतुजा हिस,
हर्षलचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिताना पाठीत कळ आली. तेवीस हे काही आशीर्वाद द्यायचं वय नाही.

तुझं पत्र आधी शारदाताईंनी वाचलं, मग मी. त्या इथल्या समुपदेशक आहेत. सगळी पत्रं वाचतात. त्यांना शिरोरेषेची कल्पना आवडली.

सकाळी उठवतात. अंगण झाडायला लावतात. मग गोल बसवून बोलायला लावतात. झाडणं मला जमतं. माझ्या गिटारच्या तारा काढून कपाटात ठेवल्या आहेत, तो इथला नियम आहे. गिटार खोलीत आहे. मी लाकडावर बोटं वाजवतो. शेजारच्या खाटेवर रोहन आहे, मंडीदीपच्या कारखान्यात होता. तो म्हणतो, अशीच बरी वाजते, तारा घेऊच नकोस.

हात थरथरायचे थांबले. गोळ्यांची आठवण येते, पण रोज नाही. जेवण भरपूर आहे. पँटचं बटण लागत नाही. हाताचं आईला सांग. बटणाचं सांगू नकोस, ती आनंदाने रडेल आणि लाडू पाठवेल.

फोटो वापर. त्या कार्यक्रमातलं मला काहीच आठवत नाही. कोणती गाणी वाजवली तेही नाही. छापलं की एक अंक पाठव, म्हणजे मलाही कळेल.

बाबांना सांग, गाताना सूर धरा.

आठवण ठेवावी, टोमणे कमी मारावेत.

तुझा,
दादा

*

शाहपुरा, भोपाळ
७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंक झाला. सोबत पाठवते आहे.

आधी मी तुझा दुसरा फोटो घेतला होता. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतला, रंगीत, हातात झांज, तोंड उघडं, पोटभर हसणारा. मॅडमनी पाहिला आणि म्हणाल्या, हा लग्नाच्या बायोडेटातला मुलगा आहे, खात्यापित्या घरचा. याच्यावर रॉकचा वाचक विश्वास ठेवणार नाही. मला पटलं. मग सप्टेंबरचा घेतला.

काय काय केलं ते सांगते. टिपणात लिहायचंच आहे, तुझ्यावर तालीम. रंग काढून टाकला. काळं अजून काळं केलं, पांढरं अजून पांढरं. मधले राखाडी जवळजवळ ठेवलेच नाहीत. गालाखाली सावली होतीच, ती खोल केली. डोळ्यांत दिव्याचा ठिपका होता, तो पुसला. ठिपका असला की माणूस कोणाकडे तरी बघतो आहे असं वाटतं. लाल रंग एकाच ठिकाणी, गिटारच्या पट्ट्यावर. मजकूर एका कडेला ढकलला, वाचणाऱ्याला जरा त्रास व्हावा म्हणून.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, आता हा चेहरा झाला. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, हा कुठल्या बँडमधला, मुंबईचा आहे का. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, पोह्यात शेंगदाणे नसले तर रुसतो. तिने विश्वास ठेवला नाही. मुखपृष्ठ मी इंटरनेटवर टाकलं आहे. खूप लोकांनी पुढे पाठवलं.

पहिल्यांदाच काहीतरी नीट केलं असं वाटतं आहे. तुला कसं वाटलं ते खरं सांग.

प्रेम आहेच. अंक सांभाळून ठेव.

तुझी,
ऋतुजा

*

शाहपुरा, भोपाळ
९ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षल यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे हात थरथरत नाहीत हे ऋतुजाने सांगितलं. बरं वाटलं. सोबत डिंकाचे लाडू आहेत. एकट्याने खाऊ नकोस, पण सगळे वाटूनही टाकू नकोस.

थंडी कमी होते आहे. तरी कान बांधून झाड. बाबांचं बरं आहे. ते संध्याकाळी तलावाला एक फेरी मारतात. ओळखीचं कोणी दिसलं तर दोन.

ऋतुजाचं मासिक पाहिलं. कागद चांगला आहे.

केस कापून घे. जेवत जा. अंगाला लागू दे.

इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, एवढं असू दे.

तुझी,
आई

*

केंद्र, नर्मदापुरम
२२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

अंक मिळाला. शारदाताईंनी काही दिवस स्वतःकडे ठेवला, मग दिला.

रोहनने विचारलं, हा कोण. म्हटलं, मी. तो इतका हसला की खोलीतले बाकीचे आले. एकाने माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, हा त्याचा मोठा भाऊ असेल, मिठाईच्या दुकानात बसतो. मीही हसलो. मग मुखपृष्ठ काढून खाटेच्या वर भिंतीला लावलं.

इथे काचेचा आरसा नाही, स्टीलचा पत्रा आहे. त्यात मी पसरट दिसतो. पण पत्र्याला कशाला दोष द्यायचा. तुझ्या त्या मुलाकडे बघितलं की वाटतं, याला काहीतरी येतं. मला झाडायला येतं.

शैलेंद्रचं पत्र आलं. आमच्या ड्रमवाल्याला पत्र लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. त्याने मुखपृष्ठ पाहिलं. म्हणतो, लोक विचारतात हा कुठे आहे, परत कधी वाजवणार. मी तिथे होतो तेव्हा कोणी विचारलं नाही.

तू खरं सांग म्हणालीस. हे तुझं सगळ्यात चांगलं काम आहे. मी रोज बघतो.

आईचे लाडू वाटून टाकले. भूक बेताची आहे. गोल बसून बोलताना मी आता बोलत नाही. यातलं आईला काही सांगू नकोस.

तुझ्यावर मर्जी आहे, पहिल्यांदाच.

तुझा,
दादा

*

शाहपुरा, भोपाळ
२ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तो कागद भिंतीवरून काढ.

तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. अंक घरी आला तेव्हा आईने तो टेबलावर पालथा ठेवला. मी सुलटा केला. तिने पुन्हा पालथा केला. मी म्हटलं, आई, हे डिझाइन आहे. ती म्हणाली, असल्या गालांचा मुलगा मी बाथरूमच्या फरशीवर पाहिला आहे, मला तो टेबलावर नको. मग मेथी निवडत बसली. मला राग आला. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. दादा, तिला कळत होतं.

तो चेहरा मी केलेला आहे. तू पांढरा नव्हतास, पिवळा होतास. मूळ फोटोत ओठाच्या कडेला लाळ आहे, ती मी पुसली. शर्टावर उलटीचा डाग आहे, तो काळ्यात बुडवला. गिटारचा पट्टा तू एका हाताने घट्ट धरला आहेस आणि एका बाजूला कलला आहेस, कारण उभं राहता येत नाही. मी ते बघितलं आणि मला फक्त तिरकी रेषा दिसली. छान तिरकी रेषा. टिपणात तसंच लिहिलं. वाचक कोण, तेही टिपणात लिहायचं होतं. मी लिहिलं, सतरा ते चोवीस, मुलगा, एकटा, हेडफोन लावून बसलेला. मला वाटलं मी कोणालातरी कल्पनेतून काढते आहे.

मूळ फोटो सोबत पाठवते आहे. शारदाताई, हे तुम्ही आधी वाचाल. तरी त्याला द्या. त्याने बघायला हवं.

इंटरनेटवरून मी काढून टाकलं. पण लोकांनी उतरवून घेतलेलं परत येत नाही. मुखपृष्ठ बदललं, गणपतीतला झांजवाला फोटो लावला. मॅडमनी विचारलं, हे रॉकचं मासिक आहे की मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं.

तू जेवतोस का ते लिही. मस्करी नको.

माझ्यावर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
ऋतुजा

*

जवाहर चौक, भोपाळ
२७ मार्च २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचलास. मी बाहेर पडलो. स्वतः गेलो होतो, स्वतः सही करून निघालो. शारदाताई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, थोडे दिवस थांब. मी थांबलो नाही. रोहनने पिशवी रिक्षात ठेवली आणि तारा लावून दाखव म्हणाला. लावल्या. त्याला आवडलं नाही.

शैलेंद्रच्या खोलीवर आहे, टेलरच्या दुकानावर. फोन परत मिळाला आहे, पण फोनवर तुम्ही रडता. पत्रात तुम्ही दोघी नीट असता.

मूळ फोटो मला मिळाला. तुला वाटलं असेल, मला किळस येईल. आली नाही. मी दोन्ही शेजारी ठेवले. वाटलं, एवढ्याशातून ऋतुजाने एवढं काढलं, म्हणजे आत काहीतरी असणारच. नसतं तर तुला कुठून दिसलं असतं? आईला जे दिसलं तेही खरं असेल. पण लोक तिकीट काढून ते बघायला येत नाहीत.

पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे. पोस्टर लागली आहेत. तुझं पहिलं मुखपृष्ठ, शिरोरेषेसकट, खाली तारीख. शैलेंद्रने कोपऱ्यात तुझं नाव घातलं आहे. मीच सांगितलं. कामाचं श्रेय द्यावं.

घरी येणार नाही. आईसमोर बसून मला कमी जेवता येत नाही. काही घेतलेलं नाही. हात ठीक आहेत. पँटचं बटण परत लागायला लागलं. सुरुवात चांगली आहे.

बाबांना सांग, कडी बसवून घ्या.

होता तेवढा जिव्हाळा पुरे, जास्त करू नये.

तुझा,
दादा

*

शाहपुरा, भोपाळ
१३ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी घरात वाचून दाखवलं. बटणाचं वाक्य गाळलं.

बाबा जवाहर चौकात जाऊन पोस्टर बघून आले. मला वाटलं फाडतील. फाडलं नाही. म्हणाले, फाडताना कोणीतरी विचारलं असतं, तुमचा कोण लागतो. माझं नाव त्यांनी वाचलं होतं. जेवताना भात मात्र मलाच आधी वाढला.

कार्यक्रमाला मी आले होते. मागे उभी होते. तू आलास तेव्हा मला फार वेळ बघवलं नाही. गाल तसेच झाले आहेत. आता मला काही करावं लागलं नसतं. शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, क्या दिखता है यार. मला तिला सांगायचं होतं की हा पोह्यांवरून रुसतो. ती हसली असती. दुसरं गाणं तू मध्येच सोडलंस आणि शैलेंद्र एकटाच वाजवत राहिला. लोकांना वाटलं, ते ठरवलेलं आहे. टाळ्या वाजल्या.

मॅडमनी प्रदर्शनासाठी पहिलं मुखपृष्ठ मागितलं. मी दिलं नाही. त्यांनी पोस्टरवरून घेतलं.

आई सकाळी डबा करते. मी तो टेलरकडे ठेवते, संध्याकाळी घेऊन येते. डबा रिकामा असतो, घासलेलाही असतो. आई उघडून बघते, वास घेते आणि बंद करते. मग उद्या काय करू म्हणून विचारते. काल तिने स्वतःहून पोळी जास्त खाल्ली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आज जिन्यात शैलेंद्र भेटला. म्हणाला, आंटींना सांग, वरण मस्त असतं, मी तर बाहेर जेवणंच सोडलं. मग माझा चेहरा बघून भराभर जिना उतरला. तू वर होतास. मी हाक मारली, तू ओ दिलीस, पण खाली आला नाहीस. मीही वर आले नाही.

आईला हे सांगणार नाही. उद्या पण डबा घेऊन येईन. तिने भरली वांगी करायचं ठरवलं आहे.

लोभ वगैरे नंतर बघू. जेव.

तुझी,
ऋतुजा