भुसावळलाही कापलाय

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडण्यात काही अर्थ नाही, तरी काल पुन्हा चिडले. निमित्त माझा नातू. सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर पिक्चर बघत होता, म्हणजे अंगठ्याने पुढे पुढे ढकलत होता, आणि थोड्या वेळात घरच्या ग्रुपवर लिहून मोकळा झाला, एकदम बकवास, कोई मत देखना. खाली सुनेने लिहिलं, हो ना, हीरोइन तर बघवत नाही. तिने पोस्टरशिवाय काही पाहिलेलं नाही! मी म्हटलं, अरे, शेवट तरी बघ, मग बोल. तर म्हणतो, "आजी, शेवट क्या देखना, समजतोच ना!" अस्सं डोकं फिरलं माझं. पण त्याला काय बोलू? न पाहिलेल्या पिक्चरवर मत देण्याची सुरुवात आपल्या घरात तुम्हीच केलीत, राजपुरा मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून.

तुम्ही गिरणीत मागावर, कायमची रातपाळी. संध्याकाळच्या खेळाला बसायचात, भोंगा झाला की अर्धवट सोडून कामावर जायचात, आणि सकाळी घरी आलात की ओट्यावर कपबशी घेऊन पिक्चर सांगायला बसायचात. शेजारचे शिंपीकाका मशीन सोडून यायचे. दापोऱ्याहून केळीची गाडी घेऊन आलेला कोणी असला तर तोही बैल थांबवायचा. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी दोनच विषय, आपलं गाव कोणत्या राज्यात जाणार आणि टॉकीजला काय लागलंय. राज्याचं ठरलं, आपण भोपाळच्या राज्यात गेलो, भुसावळ मुंबईच्या राज्यात राहिलं, चार दिवस लोक हळहळले आणि पुन्हा पिक्चरवर आले. सांगायचात मात्र छान, हे कबूल करते. कोणी कोणाच्या कानाखाली दिली, गाणं बरं होतं की नुसता आरडाओरडा, खलनायक कसा आपल्या मुकादमासारखा दिसतो, सगळं. आणि शेवटही सांगायचात. तो तुम्ही कुठून आणता, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आई आत चुलीपुढे भाकरी थापत दारातून ऐकायची. तिने तोवर टॉकीजचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं. "मला एकदा तरी दाखवा हो," ती म्हणायची. तुमचं उत्तर ठरलेलं, "आता काय राहिलंय त्यात? सांगितलं की सगळं."

मग तो रविवार. माझ्या धाकट्या भावाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ताप डोक्यात गेला तेव्हा तुम्ही मागावर होतात, निरोप पोचून तुम्ही धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तुम्ही पहिल्यांदाच मला पिक्चरला नेलंत, सुट्टीचा दिवस म्हणून. मी किती खूश! पडद्यावर एका विधवेचं पोरगं तापाने फणफणतंय, वैद्य मान हलवतो, टॉकीजच्या जनान्यात बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावलेत, आणि तुम्ही उठता. "चल, भोंगा झाला." मी म्हणते, "आबा, आज सुट्टी आहे ना?" "चल म्हटलं ना!" दंडाला धरून मला बाहेर काढता. मी भोकाड पसरते, त्या पोरासाठी नाही, माझा पिक्चर बुडाला म्हणून. तुम्ही मला माव्याची जिलेबी घेऊन देता, स्वतः खात नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? कमाल आहे तुमची! तुम्ही ओट्यावर सांगताय की पोरगं पहाटे डोळे उघडतं, "आई, भूक लागली" म्हणतं, ती बिचारी रडत रडत त्याला दूधभात भरवते, आणि मग मागे सनई लागते. शिंपीकाका नाक ओढताहेत. मी उंबऱ्यात आ वासून उभी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बशीतला चहा फुर्र केलात आणि पुढे सांगत राहिलात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत जाऊन आईला सगळं सांगितलं, आबा थापा मारतात, त्यांनी शेवट पाहिलेलाच नाही. आईने हातातलं पीठ परातीत ठेवलं. मग म्हणाली, "मला ने."

बुधवारी बायकांचा दुपारचा खेळ असायचा. तुम्ही रातपाळी करून घोरत होतात. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, शेजारणीला सांगितलं की देवळात जाऊन येते, आणि आम्ही गेलो. पोरगं मेलं, आबा. डोळे उघडले नाहीत, भूक लागली नाही, सनईबिनई काही नाही. पुढच्या रांगेतली बाई मोठ्याने हुंदके देत होती. आई रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. दिवे लागले, बाया उठल्या, तरी ती बसूनच राहिली, शेवटी दरवान म्हणाला, "चलो माई, खेल खतम." घरी येताना मी मनातून उड्या मारत होते. आता आई तुमचं पितळ उघडं पाडणार! तिच्या आयुष्यातला पहिला पिक्चर, तिने सबंध पाहिलेला. आता ती बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

संध्याकाळी तुम्ही उठलात. तिने चहा पुढे ठेवला. "अहो, त्या पिक्चरमधलं पोरगं वाचतं ना शेवटी?" तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. "वाचतं तर. भूक लागली म्हणतं." आई म्हणाली, "बरं झालं बाई." संपलं! मी मोरीत तिला गाठलं, म्हटलं, तू पाहिलंस ना डोळ्यांनी, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "भांडी विसळ."

पुढचा घोळ तर विचारूच नका, पण तुम्हाला माहीतच आहे. तुमचं ऐकून अर्धा राजपुरा पिक्चरला गेला आणि तिथे पोरगं मेलं. लोक मॅनेजरच्या अंगावर धावून गेले, रील क्यों काटी? तो बापडा हात जोडतोय, हमने कुछ नहीं काटा, भाईसाब. पण ऐकतो कोण! शेवटी ओट्यावर निकाल लागला की या राज्यात मराठी माणसाला पिक्चरसुद्धा कापून दाखवतात, अख्खा बघायचा तर मुंबईकडे जावं लागेल. शिंपीकाका खरंच गाडीत बसून भुसावळला गेले. परत आले ते दोन दिवस मशीनवरून उठले नाहीत. मग ओट्यावर येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "तिथंही कापलाय, आबा. भुसावळलाही कापलाय." तुमची बशी हातातच राहिली. मी मनात म्हटलं, आता तरी बोला! तेवढ्यात आई दारात आली. चार माणसांत न बोलणारी माझी आई म्हणाली, "कापलाच असेल, भावजी. हे सांगतात तसाच आहे तो." तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि आत गेलात. आत तुम्ही किती रडलात, ते मी ऐकलं.

त्यानंतर तुम्ही तिला दर रविवारी पिक्चरला न्यायला लागलात. दोघंही शेवटाआधी परत यायचात. कसा होता, असं मी विचारलं की दोघं एका सुरात म्हणायचात, चांगला होता. इतका राग यायचा मला तुमचा! हे सगळं तेव्हाच बोलायला हवं होतं, आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? आज दुपारी टीव्हीवर तोच पिक्चर लागला होता. नातवाला बळेच शेजारी बसवलं, म्हटलं, आज शेवटापर्यंत बघायचा. पोराला ताप चढला, वैद्याने मान हलवली, आणि मी उठले. नातू म्हणाला, "आजी, अब कहाँ? शेवट तो देख लो!" म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय. गॅसवर दूध नव्हतं, आबा.