दारे नसलेली अकरा घरे

शहापूर, मे २००५, मंगळवार

१. जानेवारीत नव्या वसाहतीसाठी पाड्याची मोजणी मी केली.
२. अकरा घरांना दारे नव्हती, आत कोणी नव्हते. नकाशात मी ‘पडीक’ लिहिले, म्हणून वसाहतीचा रस्ता त्यांच्यावरून आखला गेला.
३. आज रस्त्याच्या खुंट्या ठोकायला गेले, तर अकराही घरांत चुली पेटलेल्या.

त्यांतल्या एका घराची सोनीबाई चौकटीत दार बसवत होती. जानेवारीत दारे दिसली नव्हती, असे मी म्हटल्यावर म्हणाली, “दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाताना आमी दारं काढून वरच्या पाड्यात ठेवतो गो. नायतर चोर नेतात. येवढी शिकलीस, कुनाला इचारायचंस तरी.” हसली. खुंट्या कशाच्या, हे तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

चौकटींवरच्या बिजागऱ्या मला जानेवारीतच दिसल्या होत्या. तेल लावलेल्या. सोडून दिलेल्या घराच्या बिजागरीला तेल कोण लावेल? मग मी काय पाहत होते?

ऑफिसात साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “नकाशा मंजूर झालाय. त्यांना म्हणावं, आता दारं बसवू नका.”

रस्ता हलणार नाही, हे मला माहीत आहे. तरी उद्या ही चिठ्ठी देणार:

साहेब, चूक माझी आहे. अकराही घरे राहती आहेत. शनिवारी जेसीबी येणार आहे. रस्ता सरकवणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.