पाहणी केली असता

सोमवार, ३ मार्च

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वाहतूक खात्याच्या विधिमंडळ कक्षात माझ्या नातीचा पास काढून घेतला. गळ्यातून! चार माणसांसमोर! आठ आठवड्यांची इंटर्नशिप पाचव्या आठवड्यात संपली.

गुन्हा काय? तर पोरीने मोजलं.

बारा तारखेला सभागृहात प्रश्न आहे — सरकारी दवाखान्यासमोर पादचारी पूल का नाही? उत्तराचा मसुदा हिच्याकडे दिला. कक्ष अधिकारी म्हणाला, "मागचं उत्तर काढा, तारीख बदला, आणून द्या." मागच्या उत्तरात वाक्य होतं — 'प्रत्यक्ष पाहणी केली असता पादचाऱ्यांची संख्या अत्यल्प आढळून आली.' त्याच्या मागच्या उत्तरातही तेच. त्याच्याही मागच्यात. हिने विचारलं, ही पाहणी झाली कधी? कोणाला ठाऊक नाही. मग ही तीन दिवस सकाळी आठ ते दहा तिथल्या पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसली आणि वहीत रेघा ओढल्या. रोज अकराशेच्या वर माणसं! कुबड्या घेऊन ओलांडणारी वेगळी मोजली — एका दिवसात एकोणीस. तो कागद मसुद्याला जोडला.

"इंटर्नने टाइप करायचं असतं, मोजायचं नसतं," म्हणे!

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने या गृहस्थाला जीभ बाहेर काढून बाकावर उभा केला असता. संध्याकाळपर्यंत.

मंगळवार, ४ मार्च

मुलाचा फोन. "आई, तू मध्ये पडू नकोस. तिला दुसरीकडे मिळेल." दुसरीकडे मिळेल! बापाने असं बोलावं? हा लहानपणी मार खाऊन घरी आला की मारणाऱ्याची बाजू सांगायचा. मोठा झाला, पण बदलला नाही.

पोरगी मात्र शांत. म्हणते, "आजी, पास गेला तर जाऊ दे. तो कागद पुढच्या बुधवारी सभागृहात गेला पाहिजे. नाहीतर हा प्रश्न पुन्हा कधी येईल कोण जाणे." तिचं डोकं ठिकाणावर आहे. माझंच भडकलंय.

बुधवार, ५ मार्च

कक्ष अधिकाऱ्याला फोन केला. तीनदा शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. चौथ्यांदा साहेबांनी स्वतः उचलला आणि स्वतःच सांगितलं — साहेब मीटिंगमध्ये आहेत!

उद्या जाते. एकोणतीस वर्षं त्या इमारतीत काढली आहेत मी. तिथला उपसचिव माझ्या हाताखाली कारकून होता. दिवसभर टोक करत बसायचा, म्हणून मी त्याला पेन्सिल म्हणायचे.

गुरुवार, ६ मार्च

पेन्सिलला भेटले. आज लिहीत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

लिहिलंच पाहिजे.

"बाई! तुम्ही! बसा ना." मी बसले नाही. उभ्याउभ्या त्याला, त्याच्या कक्षाला आणि त्या अधिकाऱ्याच्या सात पिढ्यांना सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग रेकॉर्डमधून फाइल मागवली आणि सगळ्यांत खालचा कागद काढून समोर ठेवला.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर. सव्वीस वर्षांपूर्वीचं. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता' — अक्षर माझं. कॉन्व्हेंटमध्ये घोटून घेतलेलं, मोत्यासारखं. खाली सही माझी.

"वाक्य तुमचंच आहे, बाई. आम्ही फक्त जपलं. तुम्हीच शिकवलंत ना — सभागृहात एकदा टिकलेल्या उत्तराला हात लावायचा नाही."

शिकवलं होतं. प्रत्येक नव्या माणसाला, पहिल्याच दिवशी.

सगळं आठवलं. दुपारचे दीड. दुसऱ्या कामावरून परतताना जीप तिथून गेली. काच खाली केली नाही — धूळ होती. दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग बाराला बंद होतो. रस्त्यावर चार माणसं आणि एक कुत्रं. ऑफिसात आले आणि लिहून टाकलं. पाहणी!

पेन्सिल हळूच म्हणाला, "पोरीचा आकडा घेतला तर जुनी पाहणी खोटी ठरते. मग सभागृह विचारणार, कोणाची? चौकशी लागेल, बाई. या वयात कशाला? तुमचंच नाव झाकतोय मी."

माझे निवृत्तीचे कागद याच इमारतीत दोनदा हरवले. आणि हा एक कागद सव्वीस वर्षं न चुरगळता राहिला! मेल्यांना नको तेच नेमकं जपता येतं.

"राहू दे मग," असं म्हणाले आणि निघाले. होय. मीच म्हणाले.

नातीने विचारलं, "काय म्हणाले ग, आजी?" मी सांगितलं, बघतो म्हणाले.

शनिवार, ८ मार्च

सकाळी आठला एकटीच दवाखान्यासमोर गेले. रस्ता ओलांडायला अकरा मिनिटं लागली. दोनदा पाय खाली टाकला, दोनदा मागे घेतला. शेवटी एका बाईने माझं कोपर धरलं. तिच्या कडेवर पाय प्लॅस्टरमध्ये असलेलं पोर. "आजीबाई, एकटं उतरायचं नाही. दहाबारा जमू द्यायचे, मग सगळ्यांनी मिळून घुसायचं. गाडीवाला एकाला घाबरत नाही."

मी विचारलं, "इथे पूल का नाही हो?"

"कोणीतरी येऊन बघून गेलंय म्हणे. इथे माणसंच नसतात म्हणे!" आणि ती हसली. "आम्ही कोण मग? भुतं?"

मला हसता आलं नाही.

रविवार, ९ मार्च

पेन्सिलला पत्र लिहायला बसले. चार मसुदे फाडले. चारही वेळा स्वतःला वाचवायला निघाले होते.

सोमवार, १० मार्च

नातीला म्हटलं, बस, टाइप कर. दुसऱ्या वाक्याला तिची बोटं थांबली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघतेस काय? पुढे चल." नक्कल इथे ठेवते —

'दवाखान्यासमोर पाहणी कधीही झालेली नाही. ती झाल्याचे लिहिणारी व खाली सही करणारी मी आहे. बुधवारच्या उत्तरातून ते वाक्य काढावे, सोबतची मोजणी जोडावी आणि सभागृहाने विचारल्यास माझे नाव सांगावे. तसे न झाल्यास हेच पत्र प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांना मी स्वतः नेऊन देईन. काय केले ते उद्या, मंगळवार, ११ मार्च रोजी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी उत्तर चालणार नाही.'