ताईची विहीर आणि माझा समतोल

३ मार्च, सकाळ
आजपासून निःपक्षपाती. रंगाच्या कारखान्याच्या विस्ताराबद्दल दोन्ही बाजू छापणार, मग कोणाला मिरच्या का झोंबेनात. संपादकांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, छाप की, फक्त कारखान्याची जाहिरात आधी लावून घे.

५ मार्च
ताईचा फोन. तिचं घर कारखान्याच्या नाल्याला लागूनच. विहिरीचं पाणी लालसर येतंय, भाचीच्या अंगावर चट्टे उठलेत. म्हणाली, तू पेपरात आहेस ना, चार ओळी तरी छाप. छापणार म्हणजे छापणार.

६ मार्च
कारखान्याला भेट. जनसंपर्कवाले साहेब फारच सज्जन. सांडपाण्याचा प्लांट दाखवला. बंद होता, पण काय चकाचक! जेवण उत्तम. जेवणानं माझं मत बदलत नाही. दोनदा वाढून घेतलं, तेही मत न बदलता.

७ मार्च
लेख झाला. दुसरी बाजू म्हणून ताईचं म्हणणं घातलं होतं. मग खटकलं. सख्ख्या बहिणीचं छापणं म्हणजे वशिला. तत्त्व म्हणजे तत्त्व. काढलं. रिकाम्या जागेत प्रेस नोटमधलं 'परिसरातून एकही तक्रार नाही' हे वाक्य बरोब्बर बसलं.

८ मार्च
लेख आला. संपादक खूश. ताईचे फोन येत राहिले. मीटिंगमध्ये होतो. म्हणजे मीटिंग नव्हती, पण असू शकली असती.

१२ मार्च
ताई ऑफिसात येऊन विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, विस्ताराच्या जनसुनावणीत मी बोलणार आहे, निदान तेव्हा तरी ये. जाणार. भाषण शब्दन्‌शब्द छापणार. चारचौघांत बोलली की वशिला कसला?
शिपायानं विचारलं, हे पाणी कुंडीला घालू का. नको म्हटलं. झाड ऑफिसचं आहे.

१९ मार्च, दुपार
जनसुनावणी. पहिली रांग कारखान्याच्या पाहुण्यांची, मलाही तिथेच बसवलं. ताई विहिरीबद्दल बोलली, चट्ट्यांबद्दल बोलली. मग कारखान्याच्या वकिलांनी माझा लेख वाचून दाखवला. म्हणाले, या बाईंचा सख्खा भाऊच लिहितोय, एकही तक्रार नाही. भाऊ समोरच बसलाय, विचारा त्याला.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनंही. मी पेन शोधत होतो. पेन खिशातच होतं. अध्यक्षांनी ताईची हरकत फेटाळली.
बाहेर ताई भेटली. वाटलं, चारचौघांत माझी बिनपाण्यानं करणार. तिनं फक्त विचारलं, जेवलास का. हो म्हणालो. जेवण कारखान्याकडूनच होतं.

१९ मार्च, संध्याकाळ
काहीच वाटत नाहीये. वाटायला हवं, हे कळतंय.
भाषण घेणार होतो, पण कारखान्याच्या अभिनंदनाची जाहिरात आली, अर्धं पान गेलं. प्रेस नोट तयारच आहे. तीत लिहिलंय, 'एका महिलेने शंका उपस्थित केली. तिच्या भावानेच तिचे समाधान केले.'
तिचं नाव नाही, माझंही नाही. म्हणजे वशिल्याचा प्रश्नच नाही.
तशीच लावली.