जर्मन गाडीचा रस्ता

नाना, मागच्या महिन्यात मी जर्मनीत त्या मोटार कंपनीचं संग्रहालय पाहून आले. ज्या कंपनीची गोष्ट तुम्ही चौथीच्या वर्गात सांगायचात, तीच ही कंपनी. मी आता पुण्याजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात जर्मन कागदांचं भाषांतर करते, त्या कामासाठीच गेले होते. नांदूरघाटच्या पुढच्या आपल्या खेड्यातली पोर जर्मन कशी काय शिकली, असं लोक विचारतात तेव्हा मी पगाराचं कारण सांगते, कारण ते लगेच पटतं. खरं कारण तुम्ही. वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी तुम्ही मासिकातून कापलेलं एका काळ्या लांबड्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं आणि दुष्काळ पडला की त्या चित्राकडं बोट करून बोलायला सुरुवात करायचात. युद्धात विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले, छप्पर उडालं, यंत्रं मातीत गेली आणि मग कामगार आपणहून फावडी घेऊन परत आले. त्यांनी विटा उचलल्या, भिंती उभ्या केल्या आणि पुन्हा अशी गाडी काढली की सगळं जग वळून बघायला लागलं. "अन् आपलं काय गेलंय?" तुम्ही विचारायचात. "नुसता पाऊस गेलाय. जमीन हाय, हातपाय हायेत." आम्हाला वाटायचं, जर्मन लोक आपल्यासारखेच असणार, फक्त गोरे.

गोष्ट ऐकायला वर्गात निम्मी पोरं नसायची, हे तुम्हाला सगळ्यात जास्त टोचायचं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. मुकादमाचे ट्रक पारापाशी लागायचे आणि बायाबापडे, शेरडं, भांडीकुंडी आणि तुमचे विद्यार्थी असं सगळं त्यात चढायचं. तुम्ही हजेरी घेताना गेलेल्यांची नावंही तशीच पुकारायचात आणि थोडं थांबायचात. गावाला पाणी आलं तर पिकं येतील, पिकं आली तर माणसं जाणार नाहीत आणि माणसं राहिली तर वर्ग भरेल, असा तुमचा सरळ हिशोब होता. म्हणून तुम्हाला तलावातून गावापर्यंत पाइपलाइन हवी होती. तुमचा सगळा जीव त्या पाइपलाइनीत अडकला होता.

पाइपलाइन ज्यांच्या हातात होती ते आपल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन, आपले आमदारही तेच. तेव्हा ते साध्या जीपमधून यायचे. पांढऱ्या कपड्यांवर आपल्या रस्त्याची धूळ घेऊन आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचे, पिठलं-भाकरी खायचे, वरून कांदा फोडून मागायचे. आई पदर सावरून चुलीपाशी असायची. "वहिनी, पुढच्या वर्षी ह्या भाकरीचं पीठ तलावाच्या पाण्यानं मळा," असं ते म्हणायचे आणि तुम्ही इतके खूश व्हायचात की स्वतःच्या ताटातली भाकरी तशीच राहायची. मला ते माणूस म्हणून वाईट वाटत नसत. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचे.

मग ते पुन्हा निवडून आले आणि गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. पुढाऱ्याकडून काम करून घ्यायचं तर आधी त्याला हार घालायचा, काम नाही झालं तर आणखी मोठा हार घालायचा, ही आपल्याकडची रीत मी इथं कुणाला समजावून सांगू शकत नाही. आसपासच्या गावांनीही वर्गणी द्यायचं कबूल केलं. कुणी म्हणालं फेटा आणि तलवार द्या, कुणी म्हणालं नवी जीप द्या. तुम्ही पारावर उभे राहून म्हणालात, द्यायची तर जर्मन गाडी द्यायची. शाळेचे गुरुजी बोलतात म्हटल्यावर लोक ऐकत. त्या दिवशी तुम्ही ती कारखान्याच्या राखेतून उठण्याची गोष्ट मोठ्या माणसांना सांगितली आणि मी पाहिलं, माणसं पोरांसारखी ऐकत होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून वर्गणी दिली. नुसती जर्मन गाडी म्हटलं की लोकांना वाटायचं, ही दिल्यावर काम होणारच.

घरी आईनं परातीत पीठ मळता मळता विचारलं, "कावून? जीप न्हाई का त्यास्नी?"

"जीप कुणाकडं बी असती," तुम्ही म्हणालात. "मोठ्या माणसाला मोठी वस्तू दिली की त्याला आपल्या शब्दाची लाज राहती."

"ज्याला लाज असती, त्याला जीपमधी बी असती," आई म्हणाली आणि पिठाचा गोळा जरा जोरातच आपटला.

सत्कार साखर कारखान्याच्या आवारात झाला. हार, नारळ, लाउडस्पीकर, सगळं होतं. बायकांनी गाडीला ओवाळलं, चकचकीत काळ्या पत्र्यावर कुंकवाचे हात उमटवले. गाडी होती जुनीच, कुणा व्यापाऱ्याकडून घेतलेली, पण आपल्या लोकांनी तिच्याकडं असं पाहिलं की मला रडू यायला लागलं. चेअरमनसाहेबांचेही डोळे भरले होते, ते नाटक नव्हतं. त्यांनी तुम्हाला मिठी मारली आणि माइकवरून सांगितलं, "गुर्जी, ह्या गाडीत बसून पहिल्यांदा तुमच्याच गावाला येतो. पाइपलाइनचा नारळ फोडायला."

आले ते, नाना. दिलेल्या शब्दाप्रमाणे आले. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून वेशीपाशी उभे होतात, हातात नारळ, मागं सगळं गाव. ओढ्याच्या पलीकडं गाडी दिसली आणि पोरं ओरडली. मग ती ओढ्याच्या चढावर आली आणि खालून कर्रर्र असा आवाज झाला. जीप ज्या दगडांवरून वर्षानुवर्षं उड्या मारत यायची, त्या दगडांना ह्या गाडीचं पोट लागत होतं. आपण इतकी माणसं, इतका विचार केला, रंग निवडला, मुहूर्त काढला. गाडी जमिनीपासून किती उंच आहे आणि आपला रस्ता कसा आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून वाकून बघत म्हणाला, "साहेब, आणखी पुढं घातली तर फुटंल. हिचं सामान इकडं मिळत न्हाई." मागून कुणीतरी पुटपुटलं, "नाव मोठं, लक्षण खोटं." तुम्ही त्याच्यावर वस्सकन ओरडलात, "गाडीचा काय दोष बे? रस्ता आपला हाय!" चेअरमनसाहेब काच खाली करून हसले. उतरून चालत येण्याइतकंच अंतर होतं. ते म्हणाले, "गुर्जी, रस्ता तेवढा नीट करून घ्या. मग येतो." गाडी मागं मागं जात वळली. तुम्ही नारळ हातात धरून उभेच होतात आणि मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही घरी आलात आणि फावडं शोधायला लागलात.

त्यानंतरचा उन्हाळा मला आठवू नये असं वाटतं, म्हणून तो रोज आठवतो. टोळ्या परत आल्या होत्या, अंगात त्राण नव्हतं, तरी तुमच्या शब्दाखातर माणसं श्रमदानाला आली. तुम्ही सगळ्यांच्या पुढं. दगड फोडले, ओढ्यात भर घातली, बायांनी डोक्यावरून मुरूम वाहिला. पण मुरूम दाबायला पाणी लागतं. कोरडा मुरूम वाऱ्यानं उडायचा. गावातले आड तळाला गेलेले, टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्यावर भांडणं व्हायची, डोकी फुटायची. तुम्ही घरोघर जाऊन हात जोडलेत की प्रत्येकानं एक घागर रस्त्याला द्यावी. लोकांनी दिली! हे मी आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आई तेवढी दारात उभी राहिली. तिच्या कमरेवर घागर होती आणि मी तिला तुमच्यावर इतकं चिडलेलं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," ती म्हणाली. "लेकरं वाटीनं पाणी पित्यात अन् तुमी रस्त्याला पाजताय? त्या गाडीसाठी?"

"गाडीसाठी न्हाई," तुम्ही म्हणालात. "गाडी आली तर साहेब येतील. साहेब आले तर पाणी येईल."

"अन् न्हाई आले तर?"

आईनं तुमच्याकडं बघितलं, मग स्वतःच रस्त्यापर्यंत गेली आणि घागर ओतली. ओली माती क्षणभर काळी झाली आणि लगेच पुन्हा पांढरी.

रस्ता झाला. साहेब आले नाहीत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. कधी अधिवेशन, कधी कारखान्याची अडचण, कधी सर्व्हे चालू आहे. त्या साली कारखान्याचं गाळपही बंद राहिलं, ऊसच नव्हता. कुणी नारायणगडाच्या जत्रेत ती गाडी पाहिली, कुणी बीडला कलेक्टर कचेरीसमोर. लोक मुद्दाम शाळेत येऊन सांगायचे, "गुर्जी, आपली गाडी दिसली. लई झ्याक ठिवलीय." आपली गाडी म्हणायचे! आणि तुम्ही विचारायचात, काच नीट होती का, रंग उडाला नाही ना. मला तेव्हा तुमचा इतका राग यायचा की मी मान खाली घालून नुसती पुस्तकं लावत बसायचे. आता राग येत नाही.

संग्रहालयात ती तुमची खोली होती, नाना. तुम्ही सांगितलं होतं तसंच सगळं. कोसळलेल्या छपराचे फोटो, फावडी घेतलेली माणसं, विटांचे ढीग. मी तिथं उभी राहून चौथीच्या वर्गात गेले. पण त्या खोलीच्या आधी आणखी एक खोली आहे, ती तुमच्या मासिकात नव्हती. युद्ध चालू असताना त्या कारखान्यात परमुलखातून धरून आणलेली माणसं राबत होती. आगगाड्या भरभरून आणलेली, त्यांत बायाही. कारखान्याला लागून बराकी, त्यांतच राहायचं, आजारी पडलं तरी कामावर जायचं. कंपनीनं स्वतःच हे लिहून लावलंय, काही झाकलेलं नाही. मी एकेक ओळ वाचली. एवढं जर्मन मी शिकले होते ते बहुधा ह्याच भिंतीसाठी, असं मला वाटलं. माझ्या डोळ्यांपुढं आपला पार आला आणि त्या ट्रकमध्ये चढणाऱ्या बाया आल्या. दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. आपल्या बायांना बंदुकीनं कुणी नेलं नव्हतं. पण तुम्हाला विचारावंसं वाटलं आणि विचारायला कुणी नव्हतं. हे कळलं असतं तर तुम्ही वर्गात सांगितलं असतंत का? मला वाटतं, सांगितलं असतंत, हळू आवाजात. आणि तरीही वर्गणी गोळा केली असतीत. दुसरं करण्यासारखं तुमच्या हातात होतं तरी काय?

आई आता माझ्याकडं असते. तिला नीट ऐकू येत नाही. घागरीवरून तुमच्याशी भांडलेली तीच आई शेजारणींना मोठ्या तोंडानं सांगते, "आमच्या ह्यांनी गावचा रस्ता केला." आज मी लिहीत बसलेली पाहून तिनं विचारलं, काय लिहितीस. मी म्हणाले, ऑफिसचं. हे तिला वाचून दाखवणार नाही. तिच्याजवळ रस्ता तेवढा उरलाय, तो कशाला खणायचा?

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी ती गाडी आली. ओढा चढून, वेशीतून, थेट आपल्या दारापर्यंत. चेअरमनसाहेब उतरले, आईपुढं हात जोडले आणि म्हणाले, गुर्जींच्या अस्थी माझ्या गाडीतनं गोदावरीला जातील. लोक भारावून गेले. नाही म्हणायचं आमच्यात बळ नव्हतं. ते पुढं बसले, आम्ही दोघी मागं, मडकं माझ्या मांडीवर. आईनं रडून रडून डोळे मिटून घेतले होते. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा साहेब मागं वळून म्हणाले, "वहिनी, रस्ता लई चांगला केला गुर्जींनी. पाणी पण हालत न्हाई पोटातलं." मडक्याला घट्ट धरून मी कान लावून ऐकत होते, नाना. ओढ्याचा उतार आला. एकदा तरी तिचं पोट खालून फाटावं, तुमच्या रस्त्यावर, असं मला फार वाटत होतं. काहीच लागलं नाही. तुम्ही रस्ता फार चांगला केला होता.