साहेबाची आजारी छत्री

२० जुलै, रविवार

तालमीत गणपतीची मीटिंग. मंडळाचा अध्यक्ष सम्राट (वय अठ्ठावीस, अनुभव शून्य) म्हणाला, सजीव देखाव्याला आता पब्लिक थांबत नाही, यंदा एलईडी वॉल लावू. मी समोर बसलेलो असताना! गेली वीसेक वर्षं मंडळाचा देखावा मीच लिहितो. मागच्या वर्षीचा ‘प्लास्टिकचा भस्मासुर’ लोकांना जरा जड गेला, एवढंच. निम्मं पब्लिक मध्येच उठून भेळ खायला गेलं हे मान्य. पण भेळेची गाडी स्टेजसमोर लावायला परवानगी कुणी दिली? सम्राटनेच.

मी उठलो आणि सांगितलं, यंदा असा विनोदी देखावा देतो की मंगळवार पेठ पोट धरून हसेल. नाही हसली तर पुन्हा देखाव्याचं नाव काढणार नाही. सम्राट म्हणाला, ठरलं काका. एवढ्या चटकन तो कधीच काही ठरवत नाही.

२१ जुलै

विषय तयार आहे. ८८ सालापासून डोक्यात आहे.

तेव्हा तालमीतल्या माझ्या दोस्ताचं, लालासाबचं, व्हिडिओ सेंटर होतं. एकदा मुंबईहून कुस्तीची कॅसेट मागवली आणि डब्यातून निघाली इंग्लंडची विनोदी मालिका. सुटे सुटे तुकडे, प्रत्येकाची वेगळी गंमत. मालिकेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. डायरी दुसऱ्या तालमीच्या हाती लागली तर कल्पना गेलीच.

छत्रीचा तुकडा म्हणजे कळस. एक साहेब आजारी छत्री घेऊन डॉक्टरकडे येतो. डॉक्टर तिला खुर्चीत बसवतो, पांढरं कापड गुंडाळतो, ऑपरेशनसाठी कात्री काढतो. शेवटी तो गंभीरपणे सांगतो, छत्री उघडत नसेल तर पावसालाच सांगा, उद्या ये म्हणून. वा! असं वाक्य फक्त इंग्रजच लिहू शकतो. आपल्या लोकांची बुद्धी इतकी तिरकी चालत नाही.

आम्ही तालमीतली सगळी पोरं जमिनीवर लोळून हसलो होतो. सगळ्यात आधी मी हसायचो, कारण इंग्रजी मलाच येत होतं. लालासाब मात्र टीव्हीला टेकून शेवटपर्यंत बडबडत होता. त्याच्या आवाजाखाली साहेबाचे निम्मे डायलॉग बुडाले, ही खंत अजून आहे.

२३ जुलै

मालिकेचा डीव्हीडी सेट मागवला. तो येईपर्यंत ब्रिटिश विनोदाची तयारी म्हणून काही संकल्प:
रोज बिनदुधाचा चहा.
चेहरा सरळ. विनोद करणाऱ्याने हसायचं नाही.
आवाज खाली. इंग्रज माणूस ओरडत नाही, म्हणून तर त्याच्या बोलण्याला वजन असतं. आपल्याकडे एकमेकांना जेवायला बोलावलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

२४ जुलै

बिनदुधाचा चहा उद्यापासून. आज दूध जास्त होतं, वाया गेलं असतं.

खालच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. दुकानात (शाहूपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे) एका गिऱ्हाइकाला मी हळूच विचारलं, किती कॉप्या. त्याने वाकून कान पुढे केला आणि म्हणाला, पावणं, घरात काय वाईट झालंय व्हय? घरी वर्षाराणीने विचारलं काहीच नाही, सरळ हळद घातलेलं दूध समोर ठेवलं. सव्वीस वर्षांचा संसार, पण नवऱ्याची साधना तिला ओळखता येत नाही.

२६ जुलै, शनिवार

सेट आला. माळ्यावरून प्लेयर काढला, पुसला, छत्रीचा तुकडा लावला.

हसू आलं नाही. दाढ दुखत होती.

शिवाय पावसाचं वाक्य त्यात नाही. दोनदा पाहिलं, नाही. शेवटी छत्री आपोआप उघडते, दोघे तिच्याखाली उभे राहतात, संपलं. कंपनीने नव्या आवृत्तीत कापलं असणार. नेमकं चांगलं तेच कापतात.

२ ऑगस्ट

जुनी कॅसेट शोधायला लालासाबकडे गेलो. सेंटर केव्हाच बंद झालं. आता त्याच जागेत तो मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करतो. व्हीसीआर त्याने अजून जपून ठेवलाय, कॅसेटही निघाली. देखाव्याचं कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, जोत्या, आवाजाला मी येतो की, लई दिवस झालं माईक धरून.

मी समजुतीने सांगितलं, हा इंग्रजी पद्धतीचा विनोद आहे, त्यात फार बोलायचं नसतं. तो बरं बरं म्हणाला आणि मिक्सरचं भांडं पुसत बसला. मला जरा वाईट वाटलं. पण कलेत मैत्री आणून चालत नाही. व्हीसीआर मात्र त्याचाच घेऊन आलो.

३ ऑगस्ट

कॅसेट पाहिली. बायकोलाही बसवलं. चित्राला मुंग्या आल्या होत्या, आवाज कधी येत होता, कधी जात होता. लंडनचे प्रेक्षक तेवढे मधूनमधून खदखदत होते. पावसाचं वाक्य इथेही नाही. कॅसेट झिजली आहे. वर्षाराणी म्हणाली, ह्यात हसायचं कुठं असतंय तेवढं सांगा, म्हणजे मी तोवर भाजी निवडते. मी सांगणार होतो, तेवढ्यात तुकडा संपला.

मलाही हसू आलं नाही. हल्ली दाढ दुखतेच आहे.

९ ऑगस्ट

राखीसाठी अनुजा पुण्याहून आली. माझी पोरगी, आयटीत आहे, तिला तरी कदर असेल म्हणून डीव्हीडी लावली. तिने रिमोटवर काहीतरी दाबलं आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. वाचून म्हणाली, बाबा, हे डॉक्टर नाहीयेत, हे सलून आहे. तो माणूस छत्रीला पुतण्या म्हणतोय, आणि तिचे केस बारीक कापा म्हणून सांगतोय.

मी तिला शांतपणे सांगितलं, ही अक्षरं हल्ली कॉम्प्युटर लिहितो, तो चुकतो. ती म्हणाली, पण बाबा, भिंतीवर कंगव्यांचं चित्र आहे. मी म्हटलं, इंग्लंडमधल्या दवाखान्यात असतं.

अक्षरं बंद करून टाकली. त्यांनी लक्ष विचलित होतं.

१३ ऑगस्ट

तालीम सुरू. डॉक्टर म्हणून आदर्शला घेतलं. रोज हजार जोर मारणारा पोरगा, चेहऱ्यावरची एक रेघ हलत नाही. जन्मजात इंग्रज. साहेब म्हणून स्वतः सम्राट. सजीव देखाव्यात नटांनी नुसता अभिनय करायचा असतो, आवाज आधी रेकॉर्ड करून स्पीकरवर सोडतात, त्यामुळे यांना पाठांतराचं काम नाही. मी हलक्या आवाजात सूचना दिल्या. दोघांनीही त्या ऐकल्या नाहीत, म्हणजे त्यांना ऐकूच आल्या नाहीत. सम्राट म्हणाला, काका, जरा मोठ्यांदा बोला की, आम्ही काय ऐकाया आलोय का चोरी कराया?

मधल्या वेळेत आदर्शने मला विचारलं, काका, ह्यात लोक नेमकं कशाला हसणार? चांगला प्रश्न होता. मी त्याला म्हटलं, प्रयोगाला कळेल.

१७ ऑगस्ट, रविवार

राजारामपुरीतल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. साहेब, डॉक्टर, दोन्ही आवाज माझेच. पावसाचं वाक्य अर्थातच घातलं, मुळात होतंच ते. स्टुडिओवाला काचेपलीकडून सारखा हाताने आवाज वर, आवाज वर असं खुणावत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. शेवटी त्याने हेडफोन काढून ठेवला आणि वडापाव खायला गेला. एकांतात काम फार छान झालं.

२५ ऑगस्ट

वर्षाराणीला मोबाइलवर ऐकवलं. तिने विचारलं, चालू झालं का? तेव्हा ते संपत आलं होतं. मोठ्या स्पीकरवर सगळं येतं.

लालासाब मांडवात येऊन वायरिंग बघून गेला. दर वर्षी येतो, सांगावं लागत नाही. छत्रीकडे बघून हसला. मी ती उचलून स्टेजमागे ठेवली.

२ सप्टेंबर, मंगळवार, दुपार

गौरी गेल्या. आज देखावा खुला. पेठ हसली नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी एलईडी वॉल, आणि मी घरी. हे मी कुणाला बोललेलो नाही, पण मांडवाशिवाय गणपतीत मी काय करणार? बिनदुधाचा चहा घेतला. आवडला नाही, पण आज घेतला.

३ सप्टेंबर

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आठला पडदा उघडला. रस्ता गच्च. कोडोलीहून टेम्पो भरून माणसं आली होती, पोरं खांद्यावर, बायका पुढे. आदर्शने छत्री खुर्चीत बसवली. माझं रेकॉर्डिंग सुरू झालं. पन्नास स्पीकरमधून नुसता घूं आवाज. कुणीतरी ओरडलं, आवाज सोडा की! ऑपरेटरने आवाज वाढवला, घूं मोठं झालं. मधेच माझं एक खोकणं मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं. त्यावर लोक हसले. तो देखाव्याचा भाग नव्हता.

लोक हलायला लागले. सम्राट साहेबाच्या टोपीत घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होता. वीस वर्षांची कमाई भेळेच्या गाडीकडे चालत निघाली होती.

आणि लालासाबने माईक घेतला.

त्याने ऑपरेटरला रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि सुरू झाला. म्हणाला, डॉक्टर, ही छत्री सासऱ्यानं दिल्याली हाय, पावसाळा आला की हिला माहेर आठवतंय, उघडंनाच झालीया. आदर्शने छत्रीला हात लावला की लालासाब बाईच्या आवाजात ओरडायचा, अवो, परका माणूस! आदर्शने कात्री काढली तर साहेब रडायला लागला, कापू नगा डॉक्टर, दिवाळीला सासऱ्याला दाखवायची हाय! आदर्शचा चेहरा तसाच दगडासारखा. लोक माघारी वळले. पाऊस भुरभुरत होता, पण माणूस हलेना. कोडोलीची एक म्हातारी खाली बसून डोळ्याला पदर लावून हसत होती. मी बांबूला धरून उभा होतो.

आणि शेवटी तो दम घेऊन म्हणाला, असं करा सायेब, छत्री उघडंना झाली तर पावसालाच सांगा, उद्या ये म्हणून.

शिट्ट्या, टाळ्या, पब्लिकने वन्स मोअर दिला. मी मांडवामागे जाऊन त्याचा हात धरला आणि विचारलं, ते वाक्य तुला कसं माहीत? ते तर कंपनीने कापलंय.

तो म्हणाला, कापलंय कुठलं जोत्या, ते माझंच हाय की. कुस्तीची कॅसेट न्हाय निघाली म्हणून पोरं टीव्ही फोडाया उठली होती, तवा तोंडाला यील ते बोलत सुटलो. विसरलास व्हय?

मी म्हटलं, छे, विसरेन कसा.

४ सप्टेंबर

दाढ अजिबात दुखत नाही. परवा देखाव्याला मी फार हसलो होतो, वर्षाराणीने सांगितलं. म्हणाली, लग्नाआधी असं हसत होता, रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं, मीटिंग झाली. एलईडी वॉल रद्द. सजीव देखावा कायम. पेठ हसली, म्हणजे शब्द मी पाळला. पुढच्या वर्षी लेखन आणि आवाज लालासाबकडे, मी सल्लागार. सल्लागाराने काही लिहायची गरज नसते, असं सम्राटने खांद्यावर हात ठेवून समजावलं.

संध्याकाळी व्हीसीआर परत द्यायला लालासाबकडे गेलो. त्याने खुर्ची पुढे सरकवली, दूध घातलेला चहा आणला, आणि मग कॅसेट लावलीच. मी म्हटलं, बोल. तो टीव्हीला टेकून बोलायला लागला, आणि मी इतका हसलो की चहा सांडला.

मग त्याला विचारलं, तुला इंग्रजी येत नाही, तर नेमकं कुठे काय बोलायचं ते तेव्हा कळायचं कसं? तो म्हणाला, तुझ्याकडं बघून की. शिकल्याला तू एकटाच. तू हसलास की मी समजायचो, हितं जोक झाला, आता त्यावर कायतरी टाकावं.

मला फार बरं वाटलं. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी मीच होतो. घरी येऊन खात्री करायला डीव्हीडी पुन्हा लावली, आणि एक गोष्ट लक्षात आली. लंडनचे ते प्रेक्षक आणि मी अगदी एकाच ठिकाणी हसायचो. ते किंचित आधी.