यजमानाने बसायचं नसतं

पोझेगा, २९ ऑक्टोबर

आदरणीय (अजूनही) कूम व्लास्तिमिर यास,

ल्युबिंकोचा उभ्याउभ्या नमस्कार. उभ्याउभ्या अशासाठी, की वाकायला मला बंदी आहे. तुझी तब्येत कशी आहे, रक्तदाब काय म्हणतो, वहिनींचे गुडघे कसे आहेत, हे सगळं फोनवरच विचारलं असतं. पण दोन वर्षं झाली, तू फोन उचलत नाहीस आणि मी लावत नाही, तेव्हा पत्र. ज्या माणसाने माझ्या लग्नात माझ्यामागे उभं राहून साक्ष दिली, माझ्या लेकीला, यास्नाला, बारशाच्या दिवशी चर्चमध्ये हातांवर धरलं, त्या माझ्या कूमला माझ्यावर काय अत्याचार चाललेत ते कळायलाच हवं. इथे मला कोणी माणूस समजत नाही.

माझा उजवा खुबा बदलला, हे तुला कळलं असेलच. (नसेल कळलं, तर आपल्या बायका बाजारात तासतासभर उभ्या राहून बोलतात तरी काय?) चार आठवडे झाले. दवाखान्यात बरा होतो, हाल सुरू झाले ते घरी बायकोच्या ताब्यात आल्यावर. देसांकाने मी यायच्या आधी 'घराची तयारी' करून ठेवली होती. तयारी म्हणजे काय, तर माझ्या आईने हाताने विणलेले चारही गालिचे गुंडाळून माळ्यावर. का, तर पाय अडकेल. अरे, त्या गालिच्यांवर मी रांगायला शिकलो! पलंग वरच्या खोलीतून उतरवून बैठकीच्या खोलीत, तोही रस्त्याकडच्या खिडकीशी, म्हणजे जाणारा-येणारा काचेवर टकटक करून विचारतो, "काय ल्युबिंको, अजून झोपलायस?" बरं, खिडकी उघडून त्याला चार शब्द सुनवावेत, तर खिडकी उघडायची नाही. वाऱ्याचा झोत लागेल. माझा खुबा धातूचा आहे, त्याला सर्दी होत नाही, हे मी देसांकाला तीनदा समजावलं. ती म्हणते, "धातूच आधी गार पडतो."

भेटायला येणारा प्रत्येक जण कॉफीचं पाकीट आणतो. नऊ पाकिटं झाली. डॉक्टरने मला दिवसाला एक कप सांगितलाय. येतात, माझ्यासमोर माझीच कॉफी पितात, आणि आपापल्या मावश्यांचे खुबे कसे बिघडले ते सांगून जातात.

आता आमच्या जावयाचं ऐक. मिओद्राग मनाने चांगला आहे, पण त्याच्या हाती ड्रिल द्यायला नको होतं. मला खालच्या खुर्चीवर बसायचं नाही, गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. म्हणून त्याने माझ्या खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठोकले. छान. मग जेवायला बसलो तर टेबल माझ्या मांड्यांशी. म्हणून टेबलाला ठोकळे. मग देसांका बसली तर तिची हनुवटी सूपच्या वाटीत. म्हणून बाकीच्या अकरा खुर्च्यांना ठोकळे. आता आमचं सगळं घर वीतभर वर गेलंय आणि परवा आलेल्या शेजारणीचे पाय लोंबकळत होते. ती बिचारी उतरेपर्यंत मी श्वास रोखून होतो. संडासातल्या आसनाबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्याला दोन्ही बाजूंनी दांडे आहेत, आणि मिओद्रागने ते मोठ्या अभिमानाने सगळ्या पाहुण्यांना दाखवले.

(मोज्यांबद्दलही लिहिणार नाही. एकाहत्तराव्या वर्षी दोरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पन्हळीतून पाय सरकवत मोजा घालायचा. पंधरा मिनिटं लागतात. एका पायाला.)

हे सगळं मी मुकाट्याने सोसलं. (देसांका वाचतेय मागून, म्हणते "मुकाट्याने?" तू लक्ष देऊ नकोस.) सोसलं, कारण माझं लक्ष एकाच तारखेवर होतं. आठ नोव्हेंबर, संत दिमित्री, आमच्या घराण्याच्या संताचा सण, आमची स्लावा. संताच्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. पाहुणे बसतात, यजमान सकाळपासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभा. माझे वडील उभे राहिले, निमोनिया झालेला असताना उभे राहिले. मी त्रेचाळीस वर्षं उभा राहिलो. म्हणून व्यायाम शिकवायला येते त्या तिजानाला मी पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारलं, "पोरी, आठ तारखेला मी दिवसभर उभा राहू शकेन का?" ती चोवीस वर्षांची, पण बोलते सासूसारखी. म्हणाली, "काका, दहा मिनिटं. तीही काठी घेऊन." दहा मिनिटं! दहा मिनिटांत आमचे पाहुणे कोटसुद्धा काढत नाहीत.

मी हार मानली नाही. रोज स्वयंपाकघरात चोरून सराव केला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात राकियाच्या पेल्यांचं तबक. (पेले रिकामे. पहिल्या दिवशी भरलेले होते, मग रिकामे झाले.) मंगळवारी मी सलग बावीस मिनिटं उभा राहिलो. घड्याळ लावून.

आणि काल घात झाला. फादर सावा स्लावाच्या पावासाठी पाणी मंत्रून द्यायला आले. तिजानाही नेमकी त्याच वेळी आलेली. म्हटलं, दोघांनाही दाखवू. प्रार्थनाभर मी ताठ उभा. फादर थक्क, तिजाना घड्याळ बघतेय, देसांकाचे डोळे ओले. प्रार्थना संपली, फादरनी क्रूस पुढे केला. आता त्यांची उंची तुला माहीत आहे, माझ्या खांद्याला लागतात. जन्मभराची सवय, मी वाकलो चुंबन घ्यायला. मागून तिजाना किंचाळली, "काका, नव्वद!" (नव्वद अंशांच्या खाली कमरेत वाकायचं नाही, असा तिचा नियम.) फादरना वाटलं, हे माझ्या वयाबद्दल चाललंय. ते म्हणाले, "नाही हो, इतके नसतील." मी अर्धा वाकलेला तसाच थिजलो. वर येता येईना, खाली जायची सोय नाही. शेवटी फादर स्टुलावर चढले आणि क्रूस माझ्या तोंडापर्यंत आणला, आणि तिजानाने मला मागून पट्ट्याला धरून सरळ केलं. खुबा जागेवर आहे. अब्रू नाही.

मग स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे बैठक झाली आणि निकाल मला ऐकवण्यात आला. यंदा ल्युबिंको बसेल. ठोकळ्यांच्या खुर्चीवर, आपल्याच घरात, पाहुण्यासारखा! आणि उभा कोण राहणार? मिओद्राग! अरे, त्याचा संत वेगळा! त्याचा संत लुका, त्याची स्लावा परवाच आहे. दुसऱ्या संताचा माणूस माझ्या दिमित्रीसमोर माझी मेणबत्ती लावणार? मी एवढा ओरडलो की रस्त्यावरच्या माणसाने काचेवर टकटक केली.

असो. तुझा वेळ घेतला. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. तू औषधं वेळेवर घेत जा आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा,
ल्युबिंको

ता. क. स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो, ही आपली रीत. तेव्हा मी तुला बोलावत नाहीये, हे नीट लक्षात घे. फक्त कळवतो की फादर अकरा वाजता येतील.

ता. क. २. तिजानाने एक सवलत दिली आहे. स्लावाचा पाव फादरबरोबर हातात धरून फिरवायचा आणि कापायचा, तेवढा वेळ मी उभा राहू शकतो. पण मागे कोणीतरी खमका माणूस हवा, मला पट्ट्याला धरणारा. मिओद्राग चालणार नाही, का ते वर लिहिलंय. तिजाना मुलगी आहे, तिला मी तसं उभं करणार नाही. देसांका म्हणते, "मग कोण आहे तुझ्यामागे उभं राहणारं?" मी हे पत्र पुढे लिहीत राहिलो.

ता. क. ३. (देसांका झोपायला गेली म्हणून लिहितो.) दोन वर्षांपूर्वीच्या स्लावाला तू भरल्या घरात म्हणालास, "ल्युबिंको, लंगडतोयस, बस जरा," आणि मी म्हणालो, ज्याला यजमान बसलेला बघायचाय त्याने दुसरं घर बघावं. तू कोट घेऊन गेलास, भाजलेलं मांस ताटात तसंच टाकून. तू गेल्यावर मी कोठीत जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसलो. दहा मिनिटं. हे देसांकालाही ठाऊक नाही. गेल्या वर्षीच्या स्लावाला दिवसभर पाहुण्यांकडे न बघता मी दाराकडे बघत उभा होतो.

खांद्याला धरू नकोस, लोकांना दिसेल. पट्ट्यालाच धर, कोटाच्या आतून.